रांग कुठे तोडायची

सेलेदोनिओ मान्सिया बोटींची इंजिनं दुरुस्त करतात आणि भुंगे जमवतात. आमच्या वेल्माओत त्यांना सगळे सेलोमिस्त्री म्हणतात. माझं दुकान आणि त्यांची शेड यांच्यामध्ये एक कुंपण आहे, तेही पडकं.

माझा नवरा समुद्रात गेला त्या वर्षी माझी पावाची भट्टी बंद पडली होती. मिस्त्री न बोलावता आले, भट्टीखाली आडवे झाले, ती चालू केली, कॉफीत चार चमचे साखर घालून प्यायले आणि निघून गेले. सांत्वनाचा एक शब्द नाही. बाकी गाव तेव्हा सांत्वन करकरून माझा जीव खात होतं, म्हणून मला तो माणूस फार बरा वाटला. अजून वाटतो. हे त्यांच्या तोंडावर मी सांगणार नाही, डोक्यावर चढतील.

उन्हाळ्यात होडीच्या धक्क्यावरच्या दिव्याखाली भुंगे येऊन पडतात. मोठ्याला आम्ही उडतं हरीण म्हणतो. हिरवट सोनेरी अंग आणि शिंगांसारखे पुढे आलेले जबडे, तेही अंगापेक्षा लांब. हातात घेतला की करकर करून शिव्या देतो. मिस्त्री तो ग्रीसनं काळ्या झालेल्या अंगठ्यानं अलगद उचलतात आणि पिस्टन मोजायच्या कॅलिपरनं मोजतात. त्याच दिव्याखाली दुसराही एक भुंगा सापडतो. तोही नरच, रंग तोच, पण अंगानं निम्मा आणि जबडे अगदी चिमट्याएवढे. मिस्त्रींचं म्हणणं असं की ही जातच वेगळी, आणि तिला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

शहरातल्या संग्रहालयाच्या इतुर्राबाई एकदा होडीनं येऊन सगळं बघून गेल्या. माझ्याच दुकानात बसून त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, "वेगळी जात असेलही. पण अळीला नीट खायला मिळालं नाही तर भुंगा लहान निघतो, आणि जबडे तर फारच लहान राहतात. मोठा आणि छोटा यांच्या मधल्या मापाचे शोधा. वर्षानुवर्षं शोधून एकही सापडला नाही, तर तुमचं खरं."

मिस्त्री शोधत राहिले. मधल्या मापाचा एकही सापडला नाही. मग एकदा ते पाव घेताना बोलून गेले, "जात नवी निघाली तर नाव गावाचं देणार." झालं. ते उबेर्लिंदाच्या कानावर गेलं. उबेर्लिंदा माझी नणंद, आणि आमच्या गाव-मंडळाची अध्यक्ष. रेडिओवर हवामान सांगताना आमच्या अलीकडचं गाव घेतात, पलीकडचं घेतात आणि आम्हाला गाळतात. ह्याचा तिला इतका संताप की ती रेडिओशी उभ्यानं भांडते. आता जगातल्या सगळ्या पुस्तकांत वेल्माओ येणार म्हणून ती मिस्त्रींना रस्त्यात अडवून विचारायची, "कुठवर आलं हो आपलं नाव?"

मिस्त्रींच्या घरामागे कोइवेच्या झाडाचा एक जुना, कुजका ओंडका पडला होता. छोटे भुंगे त्यातच वाढतात अशी त्यांची खात्री होती, म्हणून ते त्याला बोटही लावत नसत. पण लावू नका असं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आपण हात लावत नाही तर दुसरे कशाला लावतील, असा त्यांचा हिशेब.

थंडी तोंडावर आली आणि मिस्त्रींच्या पित्ताशयात खडे निघाले. त्यांना शहरात नेऊन ऑपरेशन केलं. घरात चुलीला एक लाकूड फोडलेलं नव्हतं. उबेर्लिंदानं मिंगा बोलावली. मिंगा म्हणजे सगळ्या गावानं मिळून एकाचं काम उरकायचं आणि ज्याचं काम त्यानं नंतर जेवण घालायचं. सगळे करवती, कुऱ्हाडी घेऊन आले आणि पहिला हात त्या ओंडक्यालाच घातला.

उबेर्लिंदाच्या कुऱ्हाडीनं ढलपी उडाली आणि आत मुठीएवढ्या पोकळीत एक भुंगा बसलेला दिसला.

"अगं नेल्दा, मिस्त्रींची पाहुणेमंडळी तर घरातच आहे," ती म्हणाली. "बरण्या आण. खूश होईल म्हातारा."

मी जॅमच्या रिकाम्या बरण्या आणल्या. जितके निघाले तितके भुंगे भरले. अळ्या मात्र बघवत नव्हत्या, त्या भुशासकट कुंपणापाशी पुरल्या. संध्याकाळपर्यंत छपराला टेकेल असा लाकडांचा ढीग रचून झाला.

मिस्त्री परतले तेव्हा पँट कमरेवर राहत नव्हती. उबेर्लिंदा त्यांना हाताला धरून मागं घेऊन गेली. त्यांनी ढीग पाहिला, मग ओंडक्याची रिकामी जागा पाहिली, आणि चेहरा पडला.

"सुरेख रचलंय," ते म्हणाले.

"आनंदानं बोलता येईना त्यांना," उबेर्लिंदा मला म्हणाली. मी गुपचूप बरण्या त्यांच्या कामाच्या बाकावर नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूप घेऊन गेले, तर मिस्त्री खुर्चीत बसले होते. बाकावर पांढरं फडकं आणि त्यावर भुंग्यांची रांग. एका टोकाला चिमट्याएवढे जबडे, दुसऱ्या टोकाला शिंगं.

"नेल्दा, ही रांग कुठे तोडायची सांग," ते म्हणाले. "इकडचे एक जात, तिकडचे दुसरी. कुठे तोडू?"

मी दोन्हीकडून बघत आले. प्रत्येक भुंगा शेजारच्यापेक्षा जरासाच मोठा. बोट ठेवावं अशी जागाच नव्हती.

"नाही तुटत," मी म्हणाले.

"नाहीच तुटत. जात एकच. मधले दिव्याला येतच नसावेत. मी जन्मभर धक्क्यावर शोधत राहिलो आणि हे इथं, माझ्या परसात."

मला असा राग आला, कुणाचा ते कळेना. "मधले चारपाच कोंबड्यांना टाका. कोण बघतंय?"

ते पोट धरून हसले. "टाके तुटतील ना, बये." मग म्हणाले, "मला सांगायचंच भय वाटतंय. उबेर्लिंदाला कोणत्या तोंडानं सांगू?"

मिंगाच्या जेवणाला त्यांनी मेंढी दिली, मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या भाकऱ्या, मी केल्या. सगळे बसल्यावर मिस्त्री उठले आणि जे होतं ते सांगितलं. नवी जात नाही. गावाचं नाव लागणार नाही.

उबेर्लिंदानं चमचा खाली ठेवला. "म्हणजे आपणच मिंगा करून आपलं नाव घालवलं."

"नाव घालवलं नाही, माझ्या चुकीवर लागायचं वाचवलं," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही विचारून आला असता तर मी हातच लावू दिला नसता, आणि चुकीतच मेलो असतो. न विचारता आलात. उपकार आहेत तुमचे."

आमच्याकडे मिंगात आभार कुणी मानत नाही. जेवतात आणि घरी जातात. त्यामुळे कुठं बघावं ते कुणाला समजेना. मला मात्र भट्टी आठवली. तेव्हा मीही आभार मानले नव्हते.

"बसा आता, रस्सा निवतोय," उबेर्लिंदा म्हणाली. पण पुढं ती जेवली नाही.

थंडी संपल्यावर मी मिस्त्रींबरोबर संग्रहालयात गेले. इतुर्राबाईंनी ती सगळी रांग एका खणात लावली. अशी सलग रांग माझ्याकडे कधीच नव्हती, म्हणाल्या, आता ह्या जातीबद्दल वाद उरणार नाही. प्रत्येक टाचणीखाली नखाएवढी चिठ्ठी लावायची असते: कुठे सापडला आणि कुणी शोधला. त्यांनी "वेल्माओ" लिहिलं आणि विचारलं, "शोधणारे? सेलेदोनिओ मान्सिया?"

"मी दवाखान्यात होतो," मिस्त्री म्हणाले, आणि मिंगाला आलेल्या एकेकाचं नाव घेऊ लागले.

"एवढी नावं मावायची नाहीत हो."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "मग 'वेल्माओचे शेजारी' लिहा."

बाईंनी बारीक अक्षरात प्रत्येक चिठ्ठीवर तेच लिहिलं. मी लोकांसमोर रडणारी बाई नाही, पण तिथं रडले.

होडीतून उतरले तर उबेर्लिंदा धक्क्यावर उभी. मी तिला सगळं सांगितलं. तिनं नाक मुरडलं. "शेजारी? कुऱ्हाड माझी होती, माझं नाव नको घालायला?" मग माझी पिशवी हातातून घेतली आणि चालू लागली. दुकानापाशी आल्यावर म्हणाली, "परत सांग, कसं लिहिलंय ते."