साडेतीन दिवसांचं वर्ष

वेधाच्या वहीत मी फक्त वेळ, वारा आणि ढग लिहायचे, असं ठरलं होतं. पण तीच तीन माणसं एका गच्चीवर वारंवार जमली की समासही भरतो. आता तर ताऱ्यांपेक्षा समासातलाच मजकूर जास्त झालाय.

गच्ची अमरावतीची, गजभिये सरांची. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. दुसरे नासिरभाई, अकोल्याचे चष्मेवाले; दुर्बिणीची भिंगं तेच सांभाळतात. तिसरा मी, वहीवाला. आमचं लक्ष्य एक दूरचा तारा आणि साडेतीन दिवसांत त्याला फेरी मारणारा, गुरूएवढा वायूचा गोळा. हा ग्रह दिसत नाही. ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा उजेड शंभरात दीड भाग कमी होतो, तेवढाच त्याचा पत्ता.

होळीला काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, निकाल दिला. "कुरडया घालायच्या आत त्याची एक तरी खूण मले दाखवा. नाहीतर दुर्बीण खाली अन् गच्ची माही." सरांचा चेहरा उतरला. खालच्या खोल्यांतून तारा थोडाच दिसतो!

*

सरांनी काकूंना समजावलं, की तिथलं एक वर्ष म्हणजे आपले साडेतीन दिवस. काकूंनी त्यांचं वय विचारून घेतलं. तिथल्या हिशेबानं सर साडेसहा हजार वर्षांचे निघाले.

काकू म्हणाल्या, "एवढं वय झालं, अजून चहाचा कप उचलून ठेवत नाही."

*

वलगावला आम्ही लोकांना तारे दाखवायला गेलो. सरांनी सांगितलं, तो नुसता वायू, पाय ठेवायला जमीनच नाही. एका आजीबाईंनी दोनदा खात्री करून घेतली, खरंच जमीन नाही का म्हणून.

"मंग बांध नाही, अन् भावाभावात भांडण नाही," त्या म्हणाल्या. "सुखी हायेत बापा."

*

ग्रहावर हजार अंशांच्या वर तापमान आहे, हे वाचून मी हबकलो. नासिरभाई त्या दिवशी अकोल्याहून एसटीनं आले होते. मान पुसत त्यांनी शांतपणे विचारलं, "सावलीत का उन्हात?"

*

मग एका पहाटे उजेड खरंच घसरला! लॅपटॉपवर ठिपके खाली गेले, काही वेळ तिथंच राहिले, पुन्हा वर आले. सरांनी मला मिठी मारली. नासिरभाई पेढे घेऊन आले.

संध्याकाळी मी वही पक्की करायला बसलो. घसरण ३.५०ला सुरू, ५.१०ला संपली. समासात माझ्याच अक्षरात होतं: '३.५०, काकूंनी गच्चीच्या कोपऱ्यातली चूल पेटवली. वारा दुर्बिणीकडे. ५.१०, चूल विझली.' शेजारचा तारा तपासला, तर धुरानं तोही तेवढाच घसरलेला. आनंदात तो पाहायचाच राहिला होता.

काकूंना कळल्यावर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "माह्या चहाले ग्रह म्हणून राहिले होते!" पेढे मात्र त्यांनी परत केले नाहीत.

*

त्यानंतरच्या दोन वेळा ढगांत गेल्या. आणि काकूंनी गहू भिजत घातला. कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जायची एकच रात्र आमच्या हातात उरली.

त्या रात्री चूल पेटली नाही. चहा खालून, गॅसवरून आला. शेजारच्या ताऱ्याचे ठिपके सरळ रेषेत चालले होते. आमच्या ताऱ्याचे हळूहळू खाली उतरले, तळाशी रेंगाळले आणि पुन्हा वर चढले. सरांनी तीनदा तपासलं आणि काकूंना हाक मारली.

काकूंनी चष्मा लावला. त्या खोलगट जागेवरून बोट फिरवलं.

"आता परत कधी येते तो?"

"साडेतीन दिवसांनी," सर म्हणाले. "पण तेव्हा इथं दिवस असेल. आपल्याला सापडायचा तो सातव्या रात्री."

काकूंनी बोटांवर दिवस मोजले. "मंग जमते. तोवर कुरडया वाळून डब्यात जातीन."

सकाळी मी वही न्यायला वर गेलो, तर सगळी गच्ची कुरडयांनी पांढरी झालेली. फक्त दुर्बिणीच्या तीन पायांभोवती एक गोल जागा सोडलेली. सर डोळे चोळत जिना चढत होते. काकूंनी कावळे हाकायची काठी त्यांच्या हातात दिली.

"रातभर तारा राखला नं? आता हे राखा."