सेंट्रिंग काढताना खाली कोण?

पालमला माझं सिमेंट-सळईचं दुकान. समोरच्या बाकड्यावर गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार मंडळी चहा पीत बसतात आणि किस्से सिमेंटच्या धुळीसारखे साचतात. संध्याकाळी झाडा, सकाळी पुन्हा तेवढेच!

*

आमच्याकडं एक रीत आहे. स्लॅबची सेंट्रिंग, म्हणजे खालच्या टेकू-फळ्या, काढल्या की बांधणाऱ्यानं आधी स्वतः खाली उभं राहायचं. गफारभाई मिस्त्री तर खाली बसून निवांत चहा प्यायचे. एका घरमालकानं लेखी गॅरंटी मागितली. गफारभाई म्हणाले, "कागज क्या करना, सेठ? मैं नीचे बैठ्या हूं ना!"

*

गफारभाई गेले. त्यांच्या हाताखालचा बब्रुवान गुत्तेदार झाला. त्याच्या गॅरंट्या कागदावर! गंगाखेडकडं त्यानं एक घर बांधलं, काळ्या मातीत पाया उथळ घेतला. पहिल्याच उन्हाळ्यात भिंत तडकली.

"गॅरंटी स्लॅबची हाय, भिंतीची न्हाई," बब्रुवान म्हणाला.

मालक म्हणाला, "मग स्लॅब काय आभाळाला टांगलाय का?"

*

एक दिवस बब्रुवान पेढे घेऊन आला. म्हटलं, "काय रे, नातू झाला का?"

"न्हाई शेठ, म्या केलेल्या रस्त्याच्या गॅरंटीची मुदत संपली! पोरगं सज्ञान झालं. आता खड्डे पडले तर त्याचं ते बघंल."

पेढे आम्ही खाल्ले. चांगले होते.

*

मग त्यानं बांधलेल्या प्रवासी निवाऱ्याची भिंत पडली. पोखर्णीच्या नरसिंहाला निघालेल्या एका म्हाताऱ्याचा पाय गेला. बब्रुवान केळी घेऊन दवाखान्यात गेला. म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, "मुदत होती का रे, बाबा?"

"मागच्याच महिन्यात संपली, मामा."

हे त्यानंच बाकड्यावर सांगितलं. कुणी हसलं नाही. कपातला चहा तसाच राहिला.

*

परवा बब्रुवाननं स्वतःच्याच गावच्या शाळेला बांधलेली खोली तयार झाली. मीही गेलो होतो. सेंट्रिंग निघाली. पोरं दप्तरं घेऊन बाहेर उभी, त्यात बब्रुवानची नात चिमीही. बब्रुवाननं हेडबाईंपुढं खोली ताब्यात घेतल्याचा कागद धरला. "करा सही, मॅडम. पाच वर्षं गॅरंटी हाय!"

बाईंनी पेन काढलं आणि खोलीच्या मधोमध खुर्ची मांडली. "करते की! चहा ठेवलाय. तो होईस्तोवर बसा इथं, गुत्तेदार साहेब."

बब्रुवाननं वर बघितलं. मग खुर्ची उचलली, बाहेर लिंबाखाली नेली आणि बसला. "आत लय गरम व्हायलंय," म्हणाला.

तेवढ्यात पोरं नवी खोली बघायला आत धावली. बब्रुवान खुर्चीवरनं ताडकन उठला.

"चिमे! तू भायेर ये! आधी तू भायेर ये!"

बाईंनी सगळ्या पोरांना बाहेर काढलं. मग पेनाला टोपण लावलं.