हौसाबाईंचा अंगठा

निफाडजवळच्या मळ्यातल्या हौसाबाई अंगठा दुमडून धार काढत. आपल्याइतकी झरझर धार कुणाची नाही, हा त्यांचा तोरा! पण हरणी गायीच्या सडांना चिरा पडल्या आणि ती लाथा झाडू लागली. नवरा रंगनाथ तिला येत्या बाजारात विकायचं म्हणू लागला.

सड तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना धार काढताना पाहिलं. "मावशी, तुमच्या अंगठ्यानंच कातडी सोलली. मलम लावा, पूर्ण मुठीनं पिळा."

हौसाबाई रुसल्या, पण मुठीनं पिळू लागल्या. चिरा भरत आल्या. आज हरणी पाय न हलवता रवंथ करत राहिली, बादली फेसानं भरली!

"अवो, पळत या! एक लाथ नाय!"

"मंग बाजाराचं काय?"

"तुमीच जा, भाजी आणायला! हरणी कुटं जात नाय!"