नसलेली दाढ

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. अमरावतीत एम.एस्सी. केलं, तिथंच शिकवते, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावी गेले की लोक आपापले रिपोर्ट वाचायला माझ्याकडेच आणतात.

त्या दिवशी भर दुपारी आई वावरातून एकटीच परत आली. भिंतीला टेकून बसली नि म्हणाली, "मले घाबरल्यावानी होऊन राहिलं." थंडीचे दिवस, तरी पदर घामानं ओला. मी विचारलं, छाती दुखते का? नाही म्हणाली. मग हार्टचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, तिनं तो शब्दच धरला. घाबरली, म्हणजे काहीतरी दिसलं. बाराच्या टायमाला नाल्याकडून एकटीनं यायचं नसतं, हे तिनं दोनदा ऐकवलं.

"काय दिसलं वं तुले?"

आई दाराकडे बघत राहिली. मीही बघितलं. दारात कुणी नव्हतं.

मोठ्या आईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर धूर झाला, पण कुणालाच ठसका लागला नाही. असं झालं की बाहेरचं लागलेलं साधं नसतं, असं आमच्याकडं मानतात. मी मानत नाही. तरी अंगावर काटा आला. तासभर तशीच उभी राहिले.

मग आई गाल दाबत म्हणाली, दाढ दुखते, खालची, डावीकडची. ती दाढ मीच तिला अकोल्यात नेऊन काढून आणली होती, तीन वर्षं झाली. तोंड उघडायला लावलं. तिथं नुसती हिरडी होती.

शेजाऱ्यांची गाडी काढून अकोला गाठलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहिली. झटका येऊन दोन-तीन तास झालेत, म्हणाले. बायांची छाती दुखेलच असं नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. इतका वेळ काय करत होता, असं त्यांनी विचारलं. मिरच्यांचं मी सांगितलं नाही.

आई वाचली. हृदय पहिल्यासारखं चालत नाही, वावर सुटलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला खाटेजवळ बोलावलं.

"तुह्या मोठ्या आईचं सोड. तू शिकलेली, तू काहून उभी होती?"

भेव वाटलं, मी म्हणाले.

"मलेबी," ती म्हणाली, आणि कूस बदलली.