नंदूच्या रिसॉर्टचं उधारीचं किचन

कंटेनर अडकला तेव्हा नंदू त्याच्यापुढे उभा राहून सेल्फी काढत होता. त्याला वाटलं, गाडी वळण घेतेय. गाडी वळण घेत नव्हती. एका बाजूला चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला आबाकाकांचा माड, आणि मधे गोव्याहून आलेलं चकचकीत स्टीलचं खोकं. गावातली दोन कुत्री, आबाकाका आणि मी, एवढे बघायला होतो.

मी हॉटेलांची स्वयंपाकघरं आखून देते. चूल कुठे, सिंक कुठे, धूर कुठून बाहेर, खरकटं पाणी कुठे, हे ठरवायचं. व्हिजिटिंग कार्डावर ‘किचन कन्सल्टंट’ लिहिलंय. आमच्या कुडाळात लोक अजून विचारतात, म्हणजे तुम्ही जेवण करता का?

नंदूचं तारकर्लीत छोटं रिसॉर्ट आहे. त्याने मे महिन्यात जुनं किचन पाडलं, कारण त्याला इन्स्टाग्रामवर दिसलेलं किचन हवं होतं. कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं, गणपतीपर्यंत देतो. कुठल्या वर्षीच्या गणपतीपर्यंत, ते नंदूने विचारलं नाही. आता दिवाळी तोंडावर होती, सगळ्या खोल्या बुक होत्या आणि किचनच्या जागी खड्डा होता. येणारे सगळे पुण्या-कोल्हापूरचे, आणि ते समुद्र बघायला येतो म्हणत असले तरी येतात मासे खायला.

म्हणून हा कंटेनर. आत शेगड्या, सिंक, एक्झॉस्ट म्हणजे धूर ओढणारा पंखा, सगळं बसवलेलं. जागेवर ठेवायचं, जोडायचं, शिजवायचं. मी नंदूला सांगितलं होतं, तुझ्या पाणंदीतून हे येणार नाही. तो म्हणाला, रुंदी मोजलीय. रुंदी बरोबर होती. वळण त्याने मोजलं नव्हतं.

“काका, माड थोडो तासूचो काय?” त्याने आबाकाकांना विचारलं.

“माड माझ्या बापाशीन लावलेलो,” आबाकाका म्हणाले. “तुझो डबो कोणी लावल्यान? तो तास.”

ड्रायव्हरने शिव्या देत देत गाडी मागे घेतली. कंटेनर आला तसा गोव्याला गेला. नंदू गडग्यावर बसला आणि म्हणाला, “मॅडम, आता तुम्हीच सांगा.” हे तो आधीही म्हणू शकला असता, पण क्लायंट तसं करत नाहीत.

दिवाळीपुरतं भाड्याचं किचन शोधायचं ठरलं. असं किचन बघताना मी चार गोष्टी बघते. पाणी आत येतं का, पाणी बाहेर जातं का, सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवता येतो का, आणि शिजवलेलं पाहुण्यापर्यंत कसं पोचतं. बाकी सगळी सजावट.

आधी मंडपवाला आला. रिसॉर्टच्या मागे, माडांखाली, कापडी मंडप घालून देतो म्हणाला. झालरसुद्धा लावणार होता. समुद्रावरचा वारा असा की त्याची पावतीबुकाची पानं दोन्ही हातांनी धरावी लागत होती.

“कापड, वारा आणि गॅस एकत्र नको,” मी म्हटलं.

“मॅडम, आजपर्यंत काय झाला नाय.”

“पहिल्यांदा होतं तेव्हा आजपर्यंत झालेलं नसतंच.”

तो झालर घेऊन गेला.

मग मंगल कार्यालय. तुळशीच्या लग्नापर्यंत माणसांची लग्नं नसतात, त्यामुळे तिथलं किचन रिकामं होतं. पाणी उत्तम, गटार उत्तम, भांडी एवढी मोठी की आत बसून आंघोळ करावी. मी खूश झाले. मग ट्रस्टी म्हणाले, “हंयसर मासे चलाचे नाय.”

“तारकर्लीत येऊन पाहुणे पनीर खातील?” नंदूने विचारलं.

“सुरमयच्या तुकड्यासारखो काप. कोणाक कळताला?”

नंदू खरोखर विचारात पडला. मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं.

मालवणात बाजारापलीकडे हसनभाईंची खानावळ होती. तिथली सगळी रांधप त्यांची बायको करायची. ती गेली आणि खानावळ बंद झाली. मी येता-जाता त्या बंद दारापेक्षा वरचं धुराडं बघायचे. सरळ, उंच, गंज नसलेलं. धंद्यातली सवय.

नंदूची बायको शुभावैनी आमच्याबरोबर आली, कारण शिजवणार तीच होती. कंटेनर ठरवताना तिला कोणी विचारलं नव्हतं. हसनभाईंनी दार उघडलं. आत धूळ नव्हती. माणूस रोज येऊन पुसत असणार. मी मोरीत एकदम दोन बादल्या पाणी ओतलं. तुंबलेली मोरी अशीच पकडायची. नळाच्या धारेने ती सापडत नाही. पाणी गर्रकन गेलं. ओट्यावर कागद पेटवला, धूर सरळ वर गेला. मी नंदूकडे बघून मान डोलावली.

“भाड्यान देऊचा नाय,” हसनभाई म्हणाले. “तुमी बगूक मागलास, म्हणान दाखवलंय.”

नंदू घासाघीस करायला तोंड उघडणार, तेवढ्यात वैनी पुढे झाली. फळीवर मसाल्याचे डबे ओळीने होते. तिने ते बघितले, हात मागे घेतला.

“भाभीचे डबे मा?” तिने विचारलं. “त्येंका मी हात लावूचंय नाय. माझे डबे मी घरसून हाडतंय. ते खालच्या फळयेर रवतले.”

हसनभाई खालच्या फळीवरून फडकं फिरवू लागले. मोरीचं गटार तपासायचं मला ठाऊक आहे, अशा वेळी कुठे बघायचं ते नाही.

“मी हंयच बसान रवतलंय,” शेवटी ते म्हणाले.

“बसा. मीठ चाखूक कोण तरी व्हयोच.”

बाहेर आल्यावर नंदू कुजबुजला, “शुभा, खानावळ मुसलमानाची. गेस्ट काय म्हणतले?”

“गेस्ट पापलेट ताजा आसा काय इचारतंत,” वैनी म्हणाली. “पापलेटाक आडनाव नसता.”

विषय संपला.

दिवाळीत जेवण टेम्पोतून तारकर्लीला जाऊ लागलं. आमटी आणि भात प्रवास छान करतात. तळलेला मासा करत नाही. बंद डब्यात वाफ धरते आणि कुरकुरीत सुरमई ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. पहिल्याच दुपारी पाहुण्यांतल्या एका काकांनी तुकडा काट्याने उचलून नंदूला दाखवला. तो तुकडा मधे वाकला.

मी म्हटलं, मासा पाहुण्यांकडे जात नसेल तर पाहुण्यांना माशाकडे ने. नंदूने लगेच व्हॉट्सॲपवर टाकलं, ‘ऑथेंटिक मालवण लंच एक्स्पिरियन्स’. म्हणजे टेम्पोऐवजी गाडीतून माणसं आणायची. हसनभाईंनी बाकं धुऊन बाहेर काढली. पाहुणे तव्यावरून उतरलेली सुरमई खाऊ लागले. वैनी आणि हसनभाई आमटीत तिरफळं किती घालायची यावर भांडू लागले. बाजारातल्या लोकांना वाटलं, खानावळ उघडली. तेही येऊन बसले. त्यांना कोण उठवणार?

तुळशीचं लग्न झालं आणि नंदूचं किचन तयार झालं. काचेचं, दिव्यांचं, सगळं फोटोतल्यासारखं. वैनी आपले डबे घेऊन परत आली. हसनभाईंनी मात्र दार लावलं नाही. त्यांची विधवा मेहुणी रांधायला येऊ लागली. मला बोलावून त्यांनी दुसरी शेगडी कुठे बसवायची ते विचारलं.

या सीझनला नंदूचे निम्मे पाहुणे दुपारचे तिकडेच जेवतात.

“मॅडम,” परवा तो म्हणाला, “तुमी माका किचन शोधून दिलास काय दुश्मन?”

“चाललं ना तुझं दिवाळीत?”

“चाल्ला. जास्तच चाल्ला.”

हल्ली भाड्याचं किचन बघताना मी पाचवी गोष्टही बघते: आपली मुदत संपल्यावर मालक काय करणार आहे. त्यावर उपाय मात्र मला सापडलेला नाही. करारात ‘नंतर बंद ठेवावे’ असं कलम घालता येत नाही, आणि आलं असतं तरी मी घातलं नसतं. तिथली सुरमई चांगली असते.