खडी फोडायला पाय लागत नाहीत

दुष्काळाच्या त्या वर्षी मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात नर्स होते. गावाबाहेर रस्त्याचं काम चालू होतं. बायका ओळीनं बसून खडी फोडायच्या. त्यांच्या फुटलेल्या हातांना मलम लावायला मी रोज तिकडे जायचे.

गावात विशीतली एक मुलगी होती. लहानपणी ताप येऊन पाय गेलेले, हातांवर सरपटायची. पुण्य हवं असलं की हे गाव तिच्या दारात भाकरी ठेवायचं. एरवी ती कुणाला दिसायचीच नाही. तिच्या गुडघ्यांवरच्या जखमा मी धुवायचे. आत कापूस घालून टायरचे तुकडे बांधायला मी तिला शिकवलं. एकदा ती म्हणाली, "बाई, खडी बसूनच फोडत्यात ना? मग मला का न्हाई काम?"

दोन महिने जखमा धुताना मला हे सुचलं नव्हतं. मीही त्याच गावातली झाले होते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर सरपटत कामावर आली. मुकादम, म्हणजे सरपंचाचा मेहुणा, नेहमीसारखा बाभळीखाली लोळत होता.

"नर्सबाई, पांगळ्यांचं काय काम हितं?"

"तुम्हाला पाय आहेत, ते कधी वापरता?"

बायका हसल्या. तो चिडला. "लेखी आना!"

मी वहीचं पान फाडलं, 'बसून काम करण्यास योग्य' असं लिहिलं आणि दवाखान्यात जाऊन शिक्का मारून आणला. मला तसला काही अधिकार नव्हता. पण त्यानं कागद उलटा धरला, शिक्का पाहिला आणि लगेच मऊ झाला. माणसाची किंमत नसलेल्यांना शिक्क्याची फार असते.

पहिल्याच दिवशी तिनं बोटावर हातोडा मारून घेतला. मी पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. आठवड्याभरात बायका तिला हाका मारू लागल्या, "अगं, हिकडं बस, माझ्यापाशी."

मग काम तपासायला जीपमधून साहेब आले. मुकादम हात जोडून पुढे. "सायेब, आमी अपंगांनाबी सामावून घेतलंय."

साहेबांनी शाबासकी दिली. तेवढ्यात ओळीतून तिचा आवाज आला, "सायेब, ह्यांनी मला हाकलली हुती!"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते जीपमध्ये चढले.

मुकादमाला काही झालं नाही. पुढे तो सोसायटीचा चेअरमन झाला, तिथं शोभलाही असेल. ती रस्ता पुरा होईपर्यंत कामावर होती. एकदाही खाडा नाही.