टबाला काही झालं नाही

शहाद्याच्या व्याह्यांनी त्यांना नकोसा झालेला गरम पाण्याचा टब दिला आणि मी तो मिरवत ब्राह्मणपुरीला आणला. गावात कुणाकडे नव्हता, एवढीच त्याची गरज. टब उतरवणाऱ्या हमालाचं नावही मी विचारलं नाही. उचलण्याआधी तो चपला काढायचा, देवळात शिरल्यासारखा.

"बाबा, चौकट काढा, नही ते टब अडकी जाई," तो म्हणाला.

मला सागवानी चौकट प्यारी. "ढकल रे!" मी ओरडलो. टब अडकला, निसटला. मी धावलो ते तडा बघायला.

"टबले काही व्हयनं नही, बाबा," तो म्हणाला. "मन्हं बोट गयं."

टबात आता म्हशींची ढेप भिजते. हमाल दारू पिऊन आला होता असं मी गावभर सांगितलं, ते खोटं. त्याला मी चहासुद्धा विचारला नव्हता.